आमची इंग्रजी गाडी विकली तेव्हा

माझ्या नवऱ्याने ती गाडी आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतली, आणि घेताना मला विचारलं नाही. तोंडावर मी त्याला 'अहो'च म्हणते. लिहिताना मात्र एकेरीवर येण्याची मोकळीक मी घेते आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तेवढा हक्क असावा.

तेव्हा बडोद्याजवळच्या एका कारखान्याच्या उभारणीसाठी एक इंग्रज इंजिनियर आला होता. माझा नवरा त्याच्या हाताखाली काम करायचा. काम संपलं, साहेब परत निघाला, आणि जाताना त्याने सगळं विकायला काढलं: फ्रीज, वेताच्या खुर्च्या, पंखे आणि जहाजातून आणलेली ही गाडी. फ्रीज घेतला असता तर मी नवऱ्याची आयुष्यभर ऋणी राहिले असते. त्याने गाडी घेतली.

गाडी दोन माणसांची होती. लांब नाक, तारांची चाकं, लाकडी स्टिअरिंग, आणि डोक्यावर छप्पर म्हणून एक कॅनव्हास, जो ओढून बसवेपर्यंत पाऊस थांबलेला असे. रंग गडद हिरवा. समोरच्या फळीवर पितळेची एक छोटी पट्टी होती आणि तिच्यावर एक आकडा कोरलेला होता. कंपनीने ह्या मॉडेलच्या अगदी मोजक्या गाड्या काढल्या होत्या आणि त्यांतली ही कितवी, ते त्या आकड्यावरून कळायचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ही पट्टी दाखवली जाई. "जगात थोड्याच निघाल्या," नवरा सांगायचा, "आणि हिंदुस्थानात बहुतेक ही एकच."

"थोड्याच का निघाल्या असतील, ह्याचा कधी विचार केलात का?" मी एकदा विचारलं. त्यानंतर दोन दिवस घरात बोलणं नव्हतं.

आम्ही तेव्हा बडोद्यातल्या नागरवाड्यात राहत होतो. सासऱ्यांच्या घरी संस्थानी रुबाब अजून शाबूत होता, म्हणजे भिंतींवर होता. आजेसासरे महाराजांच्या बागखात्यात होते. मोटारी त्यांनी पाहिल्या त्या बागेच्या कडेला हात जोडून उभं राहून. पण गाडी दारात आली त्या दिवशी सासरे शेजाऱ्यांना म्हणाले, "आमच्या घराण्याला मोटारीचं नवल नाही." दारात आली म्हणजे गल्लीच्या तोंडाशी आली, आत शिरेना. हिरवी ताडपत्री पांघरून ती तिथेच उभी राहायची आणि सासरे सकाळसंध्याकाळ तिच्यावर नजर ठेवून बसायचे. म्हशी तिच्या अंगावर पाठ घासून जात.

खंडेराव मार्केटला भाजी आणायला आम्ही त्या गाडीतून जायचो. नवरा बाहेर पहारा करायचा, कारण लोक हात लावायचे. मी एकटी आत जाऊन भाजी घ्यायची आणि पिशवी पायांत धरून बसायची. मेथी-पालक चालत नसे, पाणी ठिबकतं म्हणून. मासळीचं तर नावच नको. कांदे चालायचे, पण वास राहतो म्हणून पिशवी बाहेर हातात धरायची. स्कूटरवरच्या बायका दोन्ही बाजूंना जुड्या लटकवून आमच्या शेजारून आरामात निघून जायच्या आणि मी राणीसारखी, उजव्या हाताने पदर आणि डाव्या हाताने कांदे सांभाळत, धूर खात बसलेली असायची.

मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा मी रिक्षा आणा म्हणून सांगत होते. नवरा म्हणाला, "रिक्षात धक्के बसतील." त्याने मला गाडीत बसवलं. त्या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. हॉस्पिटलच्या दारात पोचलो, पण मला उठता येईना. नवरा ओढतोय, दोन आया बगलेत हात घालतायत, मी ओरडतेय. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. मला वाटलं, मदत करतील. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "कितनी की है?" आणि माझा नवरा, मला एका हाताने धरून, त्यांना उत्तर देत होता.

मुलगी झाल्यावर गाडीत माणसं तीन झाली. मग एक जुनी चार दारांची गाडी घ्यावी लागली. तिला नवरा 'डबा' म्हणायचा. डबा मी चालवायला शिकले. शाळेत मी गणित शिकवायची; शाळा, मुलांचे क्लास, सासऱ्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन, गॅसचा सिलिंडर, सगळं डब्यातून मीच ओढलं. हिरव्या गाडीचं स्टिअरिंग मात्र मला कधी दिलं नाही. "तिचा क्लच वेगळा आहे," तो म्हणायचा. "ती हातात घ्यायला वर्षं जातात." मी हट्ट धरला नाही. ज्यात मेथी जात नाही ती गाडी चालवून मला कुठे जायचं होतं?

पुढे आम्ही बडोद्याच्याच समा भागात प्लॉट घेतला आणि घर बांधलं. आधी गॅरेज बांधलं गेलं. त्यात फरशी बसली, पंखा लागला, ट्यूबलाइट लागली. मुलांची खोली पैसे उरतील तेव्हा करायची होती, म्हणून मुलं जेवणाच्या टेबलावर अभ्यास करून मोठी झाली. दर रविवारी नवरा बनियनवर गॅरेजमध्ये शिरायचा. माझ्या जुन्या सुती साड्यांची फडकी व्हायची. चामड्याला तेल, लाकडाला मेण, आणि त्या पितळेच्या पट्टीला चिंच. स्वयंपाकाला चिंच उरली नाही तर आमटीत कोकम पडे. पण पट्टी लखलखायची. हिवाळ्यात शहरात जुन्या गाड्यांची फेरी निघायची, तिच्यात तो टोपी घालून भाग घ्यायचा. त्या दिवशी सगळे पुरुष गळ्यात रुमाल बांधून एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालून उभे असायचे. बायका बाजूला खुर्च्यांवर, थंड झालेले समोसे खात. आम्ही एकमेकींकडे बघायचो आणि चटणी पुढे सरकवायचो.

मग नवऱ्याचे गुडघे गेले. दोन्ही बदलले. ऑपरेशन चांगलं झालं, काठी घेऊन तो हिंडू लागला, पण इतक्या खाली बसणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. वर्षभर तो उभ्याउभ्याच गाडी पुसत राहिला. इंजिन चालू करायला शेजाऱ्यांचा ड्रायव्हर यायचा. मुलगी बंगळुरूला, मुलगा परदेशात. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मला देऊ नका हां ती." आणि एके दिवशी जेवताना नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "विकून टाकू."

मी वाढायचा हात थांबवला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याने भात चिवडायला घेतला, तेव्हा मी त्याच्या ताटात आमटी वाढली.

गाडी विकायची आहे ही बातमी फुटल्यावर आमच्या दारी जी माणसं आली, त्यांच्यापुढे माझा नवरा मला संत वाटायला लागला.

पहिला एक मार्बलवाला. गळ्यात साखळी, बरोबर दोन मेहुणे. त्याच्या मुलाचं लग्न होतं. "बेन, घोडा पर तो बधा आवे," तो मला म्हणाला. "मारो दीकरो आमां आवशे." म्हणजे नवरदेव वरातीत घोड्याऐवजी आमच्या गाडीतून येणार. पुढच्या दोन मुलींच्या लग्नांतही ती उपयोगी पडेल, मग बघू. एक मेहुणा तोवर बॉनेटवर फुलांची जाळी कशी बसेल ते हातांनी मोजून बघत होता. नवऱ्याने विचारलं, "तुम्हारे लड़के को चलानी आती है?" मार्बलवाला हसला. "चलाववानी क्यां छे? माणसो धक्को मारशे." माणसं ढकलतील. नवऱ्याने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दुसरा हायवेवर हॉटेल चालवायचा. त्याला गाडी दारासमोर चौथऱ्यावर ठेवायची होती, वरून दिवे सोडून. "इंजिनची मला गरज नाही," तो उदारपणे म्हणाला. "ते काढून तुमच्याकडेच ठेवा, आठवण म्हणून." नवरा खुर्चीतून उठायला लागला आणि काठी हाताला लागेना. मीच त्या माणसाला फाटकापर्यंत पोचवलं. जाताना तो मला समजावत होता की लहान मुलं गाडीत बसून फोटो काढतात, त्याने जेवणारं गिऱ्हाईक वाढतं.

तिसरा अहमदाबादचा. तो जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणून प्रसिद्ध होता, निदान तसं तो आल्याआल्या स्वतःच म्हणाला. पांढराशुभ्र लिननचा सदरा, हातात छोटी टॉर्च आणि भिंग. चहा नको म्हणाला, आधी गाडी. नवऱ्याने नवा शर्ट घातला होता. आपल्याला कळणारा माणूस शेवटी आला, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. जाणकार गाडीभोवती हळूहळू फिरला. भिंग लावून रंग बघितला, सीटचं चामडं चिमटीत धरलं, दार उघडून कान लावून बंद केलं. माझा नवरा पाठोपाठ काठी टेकत, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"तुम्ही फार सांभाळलीत," जाणकार शेवटी म्हणाला.

"हो," नवरा म्हणाला.

"नाही, तेच तर वाईट झालं. आता बाजारात मागणी आहे ती हात न लावलेल्या गाडीला. धूळ असावी, चामडं फाटलेलं असावं, रंग उडालेला असावा. ह्या गाडीचं वय तुम्ही पुसून टाकलंत."

मी दारात उभी होते. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पैसेवाला माणूस धूळ विकत घ्यायला अहमदाबादहून आला होता आणि आमच्याकडे ती नाही म्हणून नाक मुरडत होता.

मग तो वाकला आणि त्याने टॉर्चचा उजेड पितळेच्या पट्टीवर पाडला. बराच वेळ बघत राहिला. "आकडा कुठे आहे?"

"तिथेच," नवरा म्हणाला.

"इथे काही नाही."

नवरा पुढे झाला. मीही गेले. पट्टी आरशासारखी चमकत होती. आकडा होता त्या जागी बोट फिरवलं तर एक पुसट खळगा लागत होता, बाकी गुळगुळीत. इतक्या वर्षांच्या चिंचेने आणि माझ्या साड्यांनी तो घासून नाहीसा केला होता. दर रविवारी थोडाथोडा गेला असणार. नवरा रोज बघायचा, पण त्याला तो आकडा पाठ होता. पट्टीवर आहे की डोक्यात, हे त्याला कळलंच नसावं.

जाणकार सरळ झाला आणि सुस्कारा टाकून म्हणाला, "मग ही मोजक्यांतली एक, असं तुम्ही म्हणता. माझ्या लेखी ती आता कुठलीही जुनी हिरवी गाडी आहे. किंमत त्याप्रमाणे धरावी लागेल."

नवऱ्याने पट्टीवर अंगठा ठेवला होता आणि तो तसाच उभा होता. ह्या माणसावर आणि ह्या गाडीवर मी जन्मभर तोंडसुख घेतलं होतं. पण तो माझा हक्क होता. लिननच्या सदऱ्यातल्या कुणी आमच्या गॅरेजमध्ये येऊन तो बजावावा, हे मला चालण्यासारखं नव्हतं.

"भाई," मी म्हटलं, "जाणकार आहात ना? मग आकडा चासीवरही ठोकलेला असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल."

"असतो, पण तो खालून..."

"खालूनच. तिथे चिंच पोचत नाही. झोपा आणि बघा."

त्याने फरशीकडे पाहिलं, मग सदऱ्याकडे. मी सतरंजी आणून दिली नाही. फार पुसलेली गाडी ज्यांना चालत नाही, त्यांना सतरंजी कशाला? तो आडवा झाला आणि सरकत गाडीखाली गेला. थोड्या वेळाने त्याचा दबलेला आवाज आला, "हां. आहे." बाहेर आला तेव्हा पाठीवर आणि खांद्यावर ऑइलचे काळे डाग होते. बोलणं मात्र एकदम गोड झालं होतं. चहा घेतला, खारी बिस्किटं खाल्ली, आणि नवऱ्याने पहिल्यापासून मनात धरलेल्या किमतीला सौदा झाला.

पुढच्या आठवड्यात तो गाडी न्यायला आला. गाड्या वाहून नेणारा मोठा ट्रक आमच्या सोसायटीच्या कमानीतून आत येईना, म्हणून तो बाहेर सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला उभा होता. गाडी तिथपर्यंत चालवत न्यायची होती. जाणकाराने चामड्याचे हातमोजे घातले आणि तो गाडीत बसला. गाडी चालू झाली नाही. पुन्हा प्रयत्न केला. गुरगुरली आणि बंद पडली. तिसऱ्यांदा चालू झाली, गॅरेजमधून एक उडी मारून तुळशीच्या कुंडीपाशी आली आणि पुन्हा मेली. सोसायटीतले लोक गॅलऱ्यांत जमा झाले. शेजाऱ्यांचा ड्रायव्हर गावाला गेलेला. नवरा काठीवर टेकून सूचना देत होता आणि जाणकार घाम पुसत म्हणत होता, "मेरे पास ऐसी सात हैं, मुझे मत सिखाइए."

मी पदर खोचला. "सरका तिकडे," मी म्हटलं.

"बेन, तमे?" जाणकाराने विचारलं.

"अगं, तिचा क्लच," नवरा म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी त्या गाडीत शेजारी बसत आले होते. चोक किती ओढायचा, किती वेळ थांबायचं, ॲक्सिलरेटरवर पाय कधी टेकवायचा, सगळं डोळ्यांना पाठ होतं. क्लच जड होता, पण डब्याचाही कमी नव्हता. गाडी एका झटक्यात सुरू झाली. गॅलरीतून कुणीतरी टाळी वाजवली. नवरा फाटकापाशी उभा होता. मी त्याच्याकडे न बघता बाहेर पडले.

आणि तुम्हाला खरं सांगते, ती गाडी भयंकर होती.

स्टिअरिंग एका बाजूला ओढत होतं. वळवायला खांद्यातून जोर लावावा लागे. इंजिनची सगळी उष्णता पायांवर येत होती, सपाता वितळतील की काय असं वाटलं. प्रत्येक खड्डा मणक्यांतून डोक्यात जायचा. ब्रेकवर उभं राहावं तेव्हा गाडी विचार करू लागे. पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरत होते. शेजारी नुसतं बसून मी इतकी वर्षं वैतागले होते, पण चालवणं त्याहून वाईट असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला वाटायचं, ह्या माणसाला तिथे काहीतरी मिळत असणार, जे शेजारच्या सीटवर पोचत नाही. काही नव्हतं. स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खरवडलं आणि जाणकार ओरडला, "धीमे, बेन, धीमे!" मी मुद्दामच वेग कमी केला नाही.

ट्रकवर ती चढवून दिली आणि रिक्षाने परत आले. रिक्षा मऊ वाटली.

नवरा रिकाम्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसला होता. पंखा चालू होता. "कशी चालली?" त्याने विचारलं.

मी खोटं बोलणार होते. रिक्षात तसं ठरवलंही होतं. पण माझे खांदे ठणकत होते. "बैलगाडीत याहून जास्त हाडं शाबूत राहतात," मी म्हटलं. "अहो, ही कसली गाडी? ह्याच्यासाठी पोरांना खोली नव्हती?"

मला वाटलं, आता दोन दिवस बोलणं बंद. त्याने मान हलवली.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "साहेबाच्या कॉलनीतून नागरवाड्यापर्यंत आणली ना, तेव्हाच. पाठ मोडली होती. पण गल्लीच्या तोंडाशी सगळे उभे होते. बाबा नारळ घेऊन उभे होते. तूही होतीस, निळ्या साडीत. कुणाला काय सांगणार होतो?"

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दुसऱ्या दिवशी वाटलं, मलाच चालवता येत नसेल. साहेब तर मजेत चालवायचा. मग वाटलं, कार्ब्युरेटर बदलला की होईल. मग स्प्रिंगा. एखादी गोष्ट नीट बसली की ती चालायला हवी तशी चालेल, असं दर रविवारी वाटायचं." त्याने काठी खुर्चीला टेकवली. "तुला चालवायला दिली असती तर पाच मिनिटांत तू सांगितलं असतंस."

"दोन," मी म्हटलं.

तो हसला, अगदी मोकळा, गुडघे गेल्यापासून हसला नव्हता तसा. मी हसले नाही. मला इतका राग आला होता की मी पंखा बंद केला आणि आत निघून गेले. गाडीचा राग वेगळा होता. तिच्यावर मी चिडले, ओरडले, नातेवाइकांत टिंगल केली. पण मी बोलत होते ते सगळं खरं आहे हे ह्या माणसाला माहीत होतं, आणि तरी तो प्रत्येक वेळी दुखावल्यासारखं तोंड करून गॅरेजमध्ये जायचा. मी दुष्ट ठरायचे. एकदा जरी म्हणाला असता, "तू म्हणतेस ते बरोबर आहे," तर आम्ही दोघं मिळून त्या गाडीला शिव्या दिल्या असत्या. संसारात तेवढी मजा फुकटची होती, ती त्याने येऊ दिली नाही.

तो राग अजून पूर्ण गेलेला नाही. गाडीच्या पैशांतून मुलीने सुचवलेली एक उंच सीटची गाडी घेतली. तिला क्लच नाही. ती मी चालवते आणि नवरा शेजारी बसून पुढचा खड्डा दाखवतो. घरी पाहुणे आले की हिरव्या गाडीचा विषय निघतोच. नवरा सांगायला लागतो की रस्त्यावर ती कशी पाण्यासारखी वाहायची, वळणावर कशी झुकायची. मग बोलताबोलता त्याची नजर माझ्याकडे वळते आणि तो क्षणभर थांबतो. पाहुणेही माझ्याकडे बघतात, मी काही भर घालेन म्हणून.

"चहा कोण कोण घेणार?" मी विचारते.